वाचकांचे प्रश्न : ‘श्यामची आई’ वर्गात घ्यायचीय, पण कशी?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मुलांसोबत एखादं जुनं, गाजलेलं पुस्तक पूर्ण वाचायचं ठरवलंत तर अडचण कुठे येते. उत्तरं भरपूर आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’बद्दलच होती. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते, सेमी-इंग्लिशचा वर्ग आहे. दर शनिवारी एक तास ‘श्यामची आई’ वाचायची ठरवली, पण तिसऱ्याच शनिवारी मुलं कंटाळली. म्हणतात, मॅडम यात सगळे सारखे रडतातच. काय करू? – सोलापूर

मॅडम, मुलं खोटं बोलत नाहीयेत हो. या पुस्तकात डोळ्यातलं पाणी खरंच खूप आहे, आणि आपण मोठी माणसं ते वाचून दाखवताना आवाज आणखी जड करतो, मग मुलांना वाटतं की आता आपणही रडायचं असतं, आणि बारा वर्षाच्या पोराला सगळ्यांसमोर रडायला सांगितलं की ते हसतंच.

माझा पहिला सल्ला म्हणजे पान एकपासून सुरू करू नका. पुस्तकात ४२ रात्री आहेत, आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम मित्रांना रोज एक आठवण सांगतो, म्हणजे प्रत्येक रात्र बऱ्यापैकी सुटी आहे, कुठूनही उचलता येते. ‘श्यामचे पोहणे’पासून सुरू करा. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने बडवत बाहेर काढते. यात रडणं नंतर येतं, आधी येते ती सगळ्यांच्या ओळखीची भीती. पोहण्याच्या क्लासच्या पहिल्या दिवशी टँकच्या कडेला पाय आखडून उभं राहिलेलं पोर तुमच्या वर्गात एक तरी असणारच. मग ‘पत्रावळ’ घ्या, श्यामला पत्रावळ लावायला शिकायचं नसतं आणि आईही हटत नाही. तिथून ‘अळणी भाजी’, मग ‘मोठा होण्यासाठी चोरी’. चोरीवाली रात्र तर मुलांना भयंकर आवडते, कारण श्याम पैसे चोरतो ते पुस्तकासाठी, म्हणजे गुन्हा करायचा आणि कारण एकदम सभ्य. त्याला माफ करायचं का यावर वर्गाचे सरळ दोन गट पडतात, आणि पडू द्या.

पत्रावळ प्रत्यक्ष लावायला घ्या. पळसाची पानं आणि बांबूच्या बारीक चोया मिळाल्या तर उत्तम, नाही तर कुठलीही रुंद पानं आणि नारळाच्या हिरातल्या काड्या चालतील. पहिली पत्रावळ सगळ्यांची फाटते. श्याम का वैतागला होता ते मग समजावून सांगावं लागत नाही.

आणि हो, एवढं एक कराच. ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न निदान तो तास संपेपर्यंत तरी विचारू नका. ‘श्यामच्या जागी तू असतास तर?’ हासुद्धा आता घासून गुळगुळीत झालाय. त्याऐवजी ‘इथे आईचं चुकलं का?’ असं विचारून बघा, झोपलेला वर्ग उठून बसतो. अळणी भाजीचंच घ्या. भाजीत मीठ घालायचं राहिलंय, वडील न बोलता जेवतात, श्यामही तसंच करतो, आणि नंतर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं नि वाईट वाटतं. आता गप्प राहून त्यांनी आईचं मन राखलं की उलट तिला जास्त वाईट वाटेल असं केलं? सगळ्यांनी आधी जेवायचं आणि तिने शेवटी, हे कुणी ठरवलं? हे प्रश्न पुस्तकातच पडलेले आहेत, आपण फक्त उचलायचे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत असतो, रविवारी मराठी शाळेत मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शिकवते. ‘श्यामचे पोहणे’ वाचलं आणि एका मुलीने सरळ विचारलं, तिने त्याला मारलं तर कुणी पोलिसांना फोन का नाही केला? मला उत्तरच सुचेना. ही रात्र गाळू का? – न्यू जर्सी

अजिबात गाळू नका. त्या मुलीचा प्रश्न या पुस्तकाबद्दल मी ऐकलेल्या उत्तम प्रश्नांपैकी आहे.

‘तेव्हा असंच असायचं’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धं उत्तर झालं. साधारण १९१० च्या आगेमागे कोकणातल्या खेड्यात मुलांना मारणं सर्रास होतं, हे सांगा. पण पुस्तक तिथे थांबत नाही, हे पण दाखवा. मारल्यावर अंगावरचे वळ बघून आईलाच भरून येतं, तिच्या डोक्यात काय होतं तेही ती बोलते, आपल्या पोराला गावाने भित्रा म्हणू नये. म्हणजे लेखकाला मार आठवतो आणि मारामागची भीतीही आठवते. मुलांना विचारा की न मारता तिने काय केलं असतं. माझ्या अंदाजाने तुमची मुलं पाच मिनिटांत दहा उपाय काढतील आणि त्यातले दोन-तीन त्या आईलाही पटले असते. मारणं बरोबर होतं असं पटवायचा प्रयत्न मात्र करू नका. आईवर प्रेम करायचं म्हणजे तिची प्रत्येक गोष्ट बरोबर म्हणायची असं थोडंच असतं, आणि गुरुजींच्या लिहिण्यातही आई देव्हाऱ्यातली मूर्ती कमी आणि आजारी, कर्जाने पिचलेली, चिडणारी बाई जास्त आहे. देव्हाऱ्यात तिला नंतर आपण बसवलं.

प्रश्न : ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र वर्गात वाचावी का? आमच्या शाळेत सगळ्या समाजांची मुलं आहेत. मला भीती वाटते की कुणाला तरी लागेल. एक सहकारी म्हणतात, गोड गोष्ट आहे, वाच आणि पुढे जा. – परभणी जिल्हा

सर, गोड गोष्ट आहे म्हणून वाचून पुढे जाऊ नका. नीट वेळ असेल तरच वाचा, नाही तर या वर्षी राहू द्या.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडलीय, तिला ती उचलवत नाही, आणि शिवाशिव होईल म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

बहुतेक वेळा आपण मोळी उचलण्यापर्यंत वाचतो, मुलांना सांगतो बघा किती मोठं मन, आणि ती आंघोळ गडप करतो. पण खरी गोष्ट त्या आंघोळीतच आहे. आईला माणूस दिसला, आणि रूढी काही तिला सोडवली नाही, दोन्ही एकाच वाक्यात. हे मुलांना तसंच दाखवा. मग एकदा त्या म्हाताऱ्या बाईच्या बाजूने वाचून बघा. तिला नाव नाही. मदत करून घरी जाऊन आंघोळ करणारा मुलगा तिला कसा दिसला असेल? याचं उत्तर पुस्तकात नाही, आणि ते नाही हेही शिकवण्यासारखंच आहे.

इथे तारखा खूप उपयोगी पडतात, फळ्यावर एक रेघ मारा आणि लिहीत जा. २० मार्च १९२७, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह, आणि महाड काही श्यामच्या पालगडपासून फार लांब नाही. २ मार्च १९३०, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह. सप्टेंबर १९३२, पुणे करार. आणि फेब्रुवारी १९३३, त्याच नाशिकच्या तुरुंगात बसून गुरुजी हे पुस्तक लिहीत होते. म्हणजे तुरुंगाच्या भिंतीबाहेर, त्याच शहरात, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली माणसं काळारामाच्या दारात हक्क मागत होती आणि आत एक माणूस आपल्या आईने केलेली अर्धी-मुर्धी हिंमत आठवत होता. हे दोन्ही एकत्र ठेवलं की गोष्ट गोड राहत नाही, पण खरी होते.

पुढे १ मे १९४७ ला गुरुजींनी पंढरपूरला विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं, त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांशी बोलले, आणि मंदिर उघडायचं ठरल्यावरच उपोषण सोडलं. आईने आंघोळीपाशी जे सोडलं तिथून मुलगा पुढे गेला, असं कुणी मांडलं तर मला ते पटतं. पण हेही सांगा की बाबासाहेब तोवर मंदिरप्रवेशाच्या फार पुढे निघून गेले होते, १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्म सोडायची घोषणा केली होती. नाही तर मुलांच्या डोक्यात बसतं की दलितांसाठी सगळं कुणी तरी चांगल्या मनाच्या माणसाने येऊन केलं.

आणि सर, वर्गातल्या दलित मुलामुलींकडे वळून ‘तुला काय वाटतं’ असं चुकूनही विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर ती बोलतील. त्यांची नजर टाळूही नका.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी विचारायचंय. ही कादंबरी आहे की आत्मचरित्र? श्याम म्हणजे साने गुरुजीच ना? आणि ‘छडी लागे छमछम’ कितव्या रात्री आहे, मला सापडत नाहीये. – नववीतला विद्यार्थी, ठाणे

मित्रा, सापडणार नाही, कारण ते पुस्तकात नाहीच! ते गाणं आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमातलं आहे. त्या सिनेमाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ ला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, आणि तो इतका गाजला की बऱ्याच जणांच्या डोक्यात आता पुस्तक आणि सिनेमा एक झालेत. तुझ्या प्रोजेक्टला हाच विषय घे ना, पुस्तकातली एखादी रात्र आणि सिनेमातला तोच प्रसंग शेजारी ठेवायचे, काय वाढवलं, काय गाळलं, का. ‘लेखकाचा परिचय’ पाच ओळी आणि फोटो चिकटवण्यापेक्षा मार्कही बरे मिळतील.

श्याम म्हणजे गुरुजी, हे जवळजवळ बरोबर. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, आताचा दापोली तालुका. आईचं नाव यशोदा. घराणं खोताचं, म्हणजे एके काळी बरं होतं, पण गुरुजींच्या लहानपणी कर्जात बुडालेलं. आई १९१७ मध्ये गेली आणि तिच्या शेवटच्या वेळी मुलगा जवळ नव्हता, हे पुस्तकात आहे तसंच. पुढे गुरुजी एम. ए. झाले, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृह सांभाळलं, आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं झाली ना, ती लिहून घेणारा हात गुरुजींचा. आणि ‘श्यामची आई’च्या बहुतेक रात्री नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत लिहून झाल्या. पाच दिवस!

तर मग आत्मचरित्र का म्हणायचं नाही? कारण तेहतीस वर्षांचा माणूस पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या आईला आठवतोय, तेही तुरुंगात बसून. तो सांगताना निवडतो, जोडतो, आईच्या तोंडी लांबलचक सुंदर बोलणी घालतो जी कुणाच्याही आईने तशीच्या तशी बोललेली नसणार. आणि ‘मी’ न म्हणता ‘श्याम’ म्हणतो, समोर ऐकणारे मित्र बसवतो. म्हणून लोक आत्मकथनात्मक कादंबरी म्हणतात. परीक्षेत तेच लिही. पण प्रोजेक्टमध्ये तुझं मत लिही.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गात एका मुलाने मोबाइलवर वाचलं की साने गुरुजींनी आत्महत्या केली आणि वर्गात तसं बोलला. मी ‘असं काही नसतं, पुढे वाचा’ म्हणून विषय बंद केला. तेव्हापासून मन खातंय. – कोल्हापूर

ताई, विषय परत उघडा, उशीर झालेला नाही. मुलाने वाचलं ते खरं आहे. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं, पन्नास वर्षांचेच होते. नववीतल्या मुलांना ‘असं नसतं’ म्हटलं की ती आपल्याला सोडून मोबाइलला विचारतात, आणि तिथे काय वाचतील ते आपल्या हातात नाही.

सांगताना साध्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत सांगा. कसं केलं यात जाऊ नका, मुलांनी विचारलं तरी नाही. ‘त्याग’, ‘बलिदान’ असले शब्द तर मुळीच नकोत, त्याने मुलांना त्यात काही तरी भव्य असल्यासारखं वाटतं. एकच एक कारणही सांगू नका. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं होतं, ते खूप व्यथित होते, हे सगळं नोंदलेलं आहे, पण माणूस असं पाऊल एका कारणाने उचलत नाही. आणि शेवटी हे नक्की सांगा की मन इतकं जड झालं तर त्यावर उपचार आहेत, बोलायला माणसं आहेत. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे, फळ्याच्या कोपऱ्यात तो नंबर लिहून ठेवा आणि पुसू नका. त्या तासानंतर कुणी एकदम गप्प झालं असेल तर त्याच्याशी वेगळं बोला, शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्या कानावर घाला.

पाचवी-सहावीला हे आपणहून सांगायची गरज नाही. विचारलं तर खोटं मात्र नाही.

मग मुलांना त्यांची ‘सुंदर पत्रे’ वाचायला द्या, पुतणी सुधाला लिहिलेली. त्यात झाडं, पाऊस, पुस्तकं, माणसं काय काय भेटतात, एकदम उत्साही माणूस. तोही तेच गुरुजी. रडणारे गुरुजी आणि असे गुरुजी, दोन्ही एकाच माणसात होते हे नववीतल्या मुलांना कळतं, आपल्यालाच वाटतं की कळणार नाही.

प्रश्न : मी गणित शिकवतो, पण शाळेने ‘विषयांची सांगड’ म्हणून सगळ्यांना एकच पुस्तक दिलंय. या पुस्तकात गणित कुठून काढू? – जळगाव

सर, तुमच्याकडे तर सगळ्यात दणकट भाग आलाय. पुस्तकाचा शेवटचा पाव भाग हिशोबाचाच आहे. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’, रात्रींची नावंच बघा. सावकाराचा माणूस दारात येऊन वाट्टेल ते बोलतो, घराच्या लिलावाची दवंडी पिटतात. संस्काराची गोष्ट म्हणून वाचताना आपण हा भाग पटपट उलटतो, आणि मला विचाराल तर तोच कणा आहे पुस्तकाचा. आई जाते ती नुसती आजाराने नाही, तिला कर्जाने आधीच पोखरलेलं असतं.

चक्रवाढ व्याज शिकवा. शंभर रुपये, दर साल बारा टक्के, एकही हप्ता फेडला नाही तर किती? सहा वर्षांत जवळजवळ १९७ होतात, म्हणजे दुप्पटच. मग दर अठरा टक्के करा, चोवीस करा, मुलांना आलेख काढू द्या. रेघ वर उसळताना दिसली की मग दवंडीची रात्र वाचा. तुमच्या भागातल्या मुलांना शेतीकर्ज काय असतं ते घरूनच माहीत असेल, कुणाच्या घरचे आकडे मात्र वर्गात मागू नका, पुस्तकातलं घर पुरे आहे.

प्रश्न : मुलांसाठी सात-आठ रात्रींच्या झेरॉक्स काढल्या तर चालतील का? – कराड

चालतील. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट असतो, गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून मूळ मजकूर सगळ्यांचा आहे. म्हणूनच बाजारात इतक्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दिसतात. पण एखाद्या नव्या आवृत्तीतली चित्रं, प्रस्तावना, कुणी केलेलं भाषांतर किंवा संक्षेप हे त्या त्या लोकांचं, ते असं छापू नका. स्वस्त आवृत्त्या घेताना एक बघा, बऱ्याच ‘मुलांसाठी’ म्हणून कापलेल्या असतात आणि नेमक्या कर्जाच्याच रात्री त्यात कापलेल्या सापडतात.

प्रश्न : सहल पालगडला न्यायचा विचार आहे. मुलांना बघण्यासारखं काय? – पुणे

पालगडला गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलंय, छोटंसं आहे, दोन बसभर मुलं एकदम आत मावणार नाहीत, गट करा. जाण्याआधी निदान ‘मुकी फुले’ आणि ‘पत्रावळ’ वाचून न्या, नाही तर मुलांना ते नुसतं एक जुनं घर दिसेल. त्याच दिवशी लाडघर जमतं, दापोलीपासून जवळच समुद्रकिनारा आहे आणि ‘लाडघरचे तामस्तीर्थ’ या रात्रीत आई नि श्याम तिथेच गेलेत. ती रात्र किनाऱ्यावर बसून मोठ्याने वाचा, मुलांपैकीच कुणाला तरी वाचायला लावा, माइक नको. येताना माणगावजवळ वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरं होतात, आधी कळवून गेलात तर बरं. मे महिना टाळा आणि लाडघरला निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मुलं पाण्यात जातातच.